पडताळणीचा प्रश्न

रक्ततपासणीच्या केंद्रातलं चिठ्ठ्या देणारं यंत्र त्या सकाळी बंद पडलं होतं. काउंटरवरची मुलगी हातानं आकडे लिहून कागदाचे तुकडे वाटत होती, आणि वाटता वाटता तिनं एकोणीस हा आकडा दोघींना दिला. रोवेना लीबेल्टनं आपली चिठ्ठी पाहिली, शेजारच्या म्हातारीच्या मांडीवरची पाहिली, आणि गोष्ट लहान असली तरी वेळीच नीट करावी या आपल्या स्वभावाला धरून म्हणाली, "आपल्या दोघींचा नंबर एकच आलाय. आधी कुणी जायचं? तुम्ही की मी?" म्हातारीनं मान वळवली. फिकट निळे डोळे, कडांना लालसर झालेले. उन्हाळ्यातही अंगात लोकरी जाकीट. "परत म्हण बरं," ती म्हणाली. ऐकू कमी येत असेल असं समजून रोवेनानं तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच संथ आवाजात पुन्हा म्हटलं. म्हातारीनं मांडीवरची चिठ्ठी घट्ट धरली. "तूच ती. कार्डवाली. आमच्या स्वयंपाकघरात बसली होतीस. दोन माणसं आणि एक यंत्र. अस्संच विचारलंस. तीनदा. आणि तीनदा आवाज एकसारखा, जराही वर नाही की खाली नाही. मी तेव्हाच नॉर्मनला म्हटलं, ही बाई आहे की घड्याळ?"

रोवेनाला चेहरा आठवला नाही. त्या उन्हाळ्यात तिनं एकशे चाळीस घरं केली होती, ॲडलेडच्या पश्चिमेकडची, समुद्राला लागून असलेली. एकोणीस वर्षं झाली त्याला. तिला आठवले ते ओटे, कुत्री, सरकणारी जाळीची दारं, आणि हातातली ती पिवळसर कार्डं, जी घामानं कडेला मऊ पडली होती. "मला माझं उत्तर बदलायचंय," म्हातारी म्हणाली. "ती पाहणी केव्हाच संपली हो," रोवेना म्हणाली, "अहवालसुद्धा छापून झाला." "संपली म्हणून काय झालं? मी अजून आहे ना." तेवढ्यात आतून एकोणीस पुकारला गेला. दोघीही उठल्या नाहीत. मग म्हातारीनं हात हलवला, "जा तू आधी. तुला कामावर पोचायचं असेल. मला कुठं जायचंय?" रोवेना गेली. दंडाला पट्टा आवळला गेला, सुई आत शिरली, नळीत काळपट लाल रक्त चढू लागलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण 'नको हो, तुम्हीच आधी' असं म्हटलंच नाही. म्हातारीनं पुढं जा म्हटलं आणि आपण, त्यात विचार करण्यासारखं काही नाही अशा थाटात, पुढं आलो.

बाहेर नॉरफोक पाइनच्या झाडाच्या सावलीतल्या बाकावर ती थांबली. का थांबली हे तिला नीट सांगता आलं नसतं. म्हातारी दंडावरचा कापसाचा बोळा दाबत बाहेर आली आणि, जणू हे ठरलंच होतं, शेजारी बसली. तिचं नाव विनिफ्रेड पास्को. "त्या दिवशी नॉर्मन मागच्या खोलीत रेडिओवर क्रिकेट ऐकत होता," ती सांगू लागली, "आणि माझ्या मटण-बटाट्याच्या पेस्ट्या ओव्हनमध्ये होत्या. तू विचारलंस, यंत्र एकच आहे, एक माणूस तीस वर्षांचा, एक अडुसष्टचा, कुणाला द्यायचं? मी म्हटलं, काड्या ओढायला लावा की, ज्याला तोडकी येईल त्याला द्या. तू परत विचारलंस. मी म्हटलं, अगं सांगितलं ना, काड्या ओढा. तू परत विचारलंस. आता पेस्ट्या करपणार, म्हणून मी म्हटलं, बरं बाई, त्या तरण्याला द्या. आणि नेमकी तेव्हाच चहाची सुट्टी झाली, नॉर्मननं रेडिओ बंद केला. घर एकदम गप्प. त्या गप्प घरात माझं वाक्य. नॉर्मन सहासष्टचा होता तेव्हा." तिनं बोळा जरा घट्ट दाबला. "सात वर्षांनी त्याची मूत्रपिंडं गेली. इथं जवळ पोर्टच्या केंद्रात डायलिसिसची एकच खुर्ची रिकामी होती, नाहीतर आठवड्यातनं तीनदा शहरात खेपा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करून सांगा. तर हा म्हणतो कसा, विचार कसला, द्या ती खुर्ची एखाद्या तरण्याला. शहरातही जाईना. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझेच शब्द, पोरी. घडी मोडली नव्हती अजून." "त्यांनी कधी बोलून दाखवलं?" रोवेनानं विचारलं. "नॉर्मन? तो कशाला बोलून दाखवतोय! पुढं चार महिनेच जगला, चांगला हसतखेळत. तेच तर ना." मग बोळा काढून तिनं दंडावरचा रक्ताचा ठिपका पाहिला, आणि अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाली, "तर ते बदलून घे. काय कागदबिगद भरायचा असेल तो भरते."

विद्यापीठाच्या बसमध्ये बसल्यावर रोवेनानं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. दोन रुग्ण आहेत, यंत्र एकच आहे, बाकी सर्व बाबतींत दोघे सारखेच आहेत. हे वाक्य तिनंच लिहिलं होतं. पाच दिवसांचं प्रशिक्षणही तिनंच दिलं होतं, सहा मुलींना आणि स्वतःला: प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, समजावून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. माणूस 'दोघंही सारखेच' किंवा 'सांगता येत नाही' म्हणाला, तर प्रश्न पुन्हा वाचायचा. परत तेच म्हणाला, तर 'यात बरोबर-चूक असं काही नाही, पण निवडावंच लागलं तर?' असं म्हणून तिसऱ्यांदा वाचायचा. तरीही नाहीच, तर नऊ लिहायचा. नऊ म्हणजे प्रश्न समजला नाही किंवा उत्तर दिलं नाही. नऊचा चौकोन उत्तर देणाऱ्याच्या कार्डावर नव्हताच. तो फक्त विचारणाऱ्याच्या कागदावर, खाली, बारीक. आणि नऊ असलेले कागद मोजणीतून बाहेर. हे सगळं तिला तेव्हा स्वच्छ वाटलं होतं. मापन म्हणजे काय, तर मोजणाऱ्याचा हात मोजमापात येऊ नये. आवाज एकसारखा ठेवायची सवय तिनं आरशासमोर उभं राहून लावून घेतली होती, आणि पुढे ती सुटलीच नाही. बहिणीच्या लग्नात बोलायला उभी राहिली तेव्हा भाऊ हळूच म्हणाला होता, अगं रोवी, हवामानाच्या बातम्या नाहीत या. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की तो एकसारखा आवाज म्हणजे हात मागे घेणं नव्हतंच. तीनदा, त्याच सुरात, काही न ऐकल्यासारखं विचारत राहणं हा एक प्रकारचा दाबच. घड्याळ दाबतं तसा. आणि ज्याच्या ओव्हनमध्ये पेस्ट्या आहेत तो किती वेळ थांबणार?

काड्या. ते तर तिच्या घरातलंच होतं. मॅलीच्या बाजूला, जिथं पाऊस म्हणजे वर्षातून चार-सहा वेळा येणारा पाहुणा, तिथं वडलांची शेती होती आणि घराला पत्र्याची एक टाकी. उन्हाळ्यात टाकीचा आवाज बदलायचा. मुलं बोटाच्या पेरानं टकटक करून पाणी कुठवर उतरलंय ते सांगायची. मग आंघोळीचं पाणी एकदाच काढलं जायचं आणि घरातली सगळी त्याच पाण्यात, एकामागून एक. पहिलं पाणी स्वच्छ, शेवटचं चहासारखं. कोण पहिलं, हे वडील आगकाड्यांवर ठरवायचे. मुठीतून सारख्या लांबीची गुलं डोकावायची, आणि ज्याला तोडकी काडी येईल तो आधी. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही, निदान तिला तसं आठवत नव्हतं. वडलांच्या दफनानंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये केक खाता खाता भाऊ म्हणाला, "तुला माहीत आहे ना, म्हातारा लबाडी करायचा? ओढली की काडी लगेच परत घ्यायचा. तोडकी एकही नसायची. ओढता ओढता मोडायचा तो, अंगठ्यानं. ज्या दिवशी जो जास्त दमलेला असेल, आजारी असेल, त्याची." ती तेव्हा अवाक झाली होती, आणि थोडी रागावलीही, इतकी वर्षं ज्याला ती न्याय समजत होती तो एका माणसाच्या अंगठ्यात होता. पण आता बसच्या खिडकीला डोकं टेकून ती वेगळाच विचार करत होती: काड्या ओढा, हे उत्तर पास्को बाईंनी दोनदा दिलं, आणि मी, मॅलीची पोर, ते उत्तर नाही असं समजले. मला ते समजलं नसतं तर गोष्ट वेगळी. मला ते पुरतं समजलं होतं.

कचेरीत ट्वान तिची वाट पाहत होता. तिच्याबरोबर काम करणारा हा बत्तीस वर्षांचा मुलगा आकड्यांत पक्का होता आणि तोंडानं मोकळा. "रक्त काढायला गेला होतात की द्यायला?" तो म्हणाला, "पार पांढऱ्या पडलात." गुरुवारी अहवाल जायचा होता. एका नव्या औषधाचा पुरवठा वर्षाला चाळीस जणांपुरताच होणार होता. ते कुणाला द्यायचं याचे गुण ठरवायला बसलेल्या समितीला जनमत हवं होतं. वयाला किती गुण द्यायचे, हा त्यांचा मुख्य प्रश्न, आणि त्याचं उत्तर या दोघांच्या पहिल्या तक्त्यात होतं: शंभरातले चौऱ्याहत्तर लोक तरुण रुग्णाला आधी देतील. प्रश्नावली तिचीच जुनी, फक्त आता ती लोकांच्या पडद्यावर होती. दारोदार हिंडणं गेलं, मऊ पडलेली कार्डं गेली. "ट्वान, ज्याला निवडायचंच नाही तो चौथ्या प्रश्नावर, त्या दोन रुग्णांच्या, काय करतो?" "काय करणार? निवडल्याशिवाय 'पुढे' हे बटण उजळतच नाही." "मग?" "मग काही नाही. बघत बसतो, आणि निवडतो. नाहीतर बंद करून उठतो. उठलेल्यांना आपण अपूर्ण म्हणून काढतो. तुमचाच नियम." "चौथ्यावर किती उठले?" त्यानं कळा दाबल्या. "दोनशे सहा. पाचव्यावर नऊ. सहाव्यावर चार." तो स्वतःच थांबला. "च्यायला. चौथ्यावरच गर्दी आहे की." रोवेनानं त्या स्तंभाकडे पाहिलं. दोनशे सहा माणसं, कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरात, एका करड्या बटणाकडे बघत. कुणी तीस सेकंद, कुणी चार मिनिटं. एक जण एकवीस मिनिटं बसला होता आणि मग गेला होता. निवड करायला भाग पाडण्यासाठी आता विचारणाऱ्याची गरजही उरली नव्हती, आवाजसुद्धा नाही. "हे पहिल्या पानावर यायला हवेत," ती म्हणाली. ट्वान हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "रोवेना, दोनशे सहा लोकांचं मत काय म्हणून लिहायचं? ते काही म्हणालेच नाहीत." "म्हणाले. आपण म्हणायला जागा ठेवली नव्हती."

जुने कागद तळघरात होते. सात वर्षांनी ते फाडायचे असा नियम होता, आणि ते फाडायचं काम प्रत्येक वर्षी पुढच्या वर्षावर टाकलं जात होतं, त्यामुळे ते अजून होते. तिथं दमट पुठ्ठ्याचा वास होता आणि डोक्यावर पाण्याच्या पाइपची अधूनमधून गुळगुळ. कागदांवर नावं नव्हती, पण रस्ता आणि घराचा आकडा होता, तारीख होती, विचारणारीची आद्याक्षरं होती, आणि ॲडलेडचा क्रिकेट सामना त्या वर्षी कोणत्या आठवड्यात होता हे शोधायला एक मिनिटही लागलं नाही. बाद केलेल्यांचा खोका वेगळा होता. तिनं आधी मोजणीत धरलेल्यांचे चार खोके पाहिले, कारण पास्को बाईंचं उत्तर तर तरण्याला द्या असं होतं, स्पष्ट, नऊ नव्हे. तो कागद जुन्या अहवालातल्या त्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांत कुठंतरी असणार. नव्हता. दुपारभर खाली वाकून पाठ भरून आली. मग तिनं बाद खोका उघडला. तिच्या स्वतःच्या हाताचे सतरा कागद होते त्यात, आणि त्यातला सहावा तो होता. स्त्री, चौसष्ट वर्षं, घरात दोघं. चौथ्या प्रश्नापुढे 'तरुण'ला गोल, आणि समासात पेन्सिलीनं: काड्या ओढा म्हणतात, दोनदा. हे लिहायचं कारण नव्हतं. समासात लिहायला मनाईच होती. तिनं लिहिलं होतं. तरीही हा कागद बाद का, म्हणून तिनं पानं उलटली. आठवा, नववा, दहावा. आणि मग अकरावा.

अकरावा प्रश्न म्हणजे पडताळणीचा. तोही तिचीच करामत. तेव्हा तिला त्याचा अभिमान होता. चौथ्यातलीच दोन माणसं, तीच वयं, फक्त मूत्रपिंडाऐवजी हृदय आणि कार्डांची जागा बदललेली. माणूस विचार करून उत्तर देतोय की येईल ते ठोकून देतोय, हे त्यात कळायचं. चौथ्यात तरुण आणि अकराव्यात म्हातारा असं ज्याचं आलं, तो विसंगत, विसंगत म्हणजे अविश्वसनीय, कागद बाहेर. पास्को बाईंच्या कागदावर अकराव्यापुढे 'म्हातारा'ला गोल होता. गोलाची रेघ दोनदा गिरवलेली. समासात त्याच पेन्सिलीनं: नवरा बागेत. हळू बोलल्या, पुन्हा विचारलं. रोवेना खोक्यावर बसली. म्हणजे बाईंनी उत्तर बदललं होतं. त्याच दिवशी, त्याच टेबलाशी, दहा-बारा मिनिटांत, पेस्ट्या ओव्हनमधून काढून झाल्यावर. आणि आपण त्यांना विसंगत ठरवून टाकलं. त्यांचं पहिलं उत्तर जगात कुठंच मोजलं गेलं नव्हतं, दुसरंही नाही. ज्या वाक्यानं एक माणूस आपली खुर्ची सोडून गेला ते वाक्य कुठल्याही टक्क्यात नव्हतं. तिनं बाकीचे सोळाही वाचले. 'दोघांनाही अर्धा अर्धा दिवस द्या', 'हे देवाचं काम आहे, तुझं-माझं नव्हे', 'त्या माणसाला मुलं आहेत का ते आधी सांग', 'दुसरं यंत्र का नाही घेत?' सगळं समासात, मनाई असलेल्या जागी, तिच्याच पस्तिशीच्या बारीक अक्षरात. तेव्हाच्या त्या बाईला, त्या घड्याळाला, एवढं तरी ऐकू येत होतं तर.

बुधवारी तिनं अहवालातलं पहिलं वाक्य बदललं. 'शंभरातले चौऱ्याहत्तर' याच्या आधी 'ज्यांनी निवड करायचं मान्य केलं त्यांच्यापैकी' असं लिहिलं, खाली दोनशे सहांचा आकडा आणि ते किती वेळ थांबले याचा तक्ता, आणि मागे एक पान, जुन्या समासांतल्या वाक्यांचं. ट्वाननं वाचलं आणि डोकं खाजवलं. "समिती विचारेल, मग वयाला गुण किती द्यायचे?" "विचारू दे." "संचालक म्हणतील, हे पान गाळा." "मग माझं नावही गाळायला सांग." "तुम्ही ना," तो म्हणाला, "वीस वर्षं गप्प बसता आणि मग एकदम गुरुवार बघून बोलता." पण पान त्यानंच जोडलं. अहवाल गेला, शुक्रवारी एका ओळीची पोच आली. समितीनं बैठक एक महिना पुढे ढकलली होती. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. चाळीस जणांचं औषध चाळीस जणांपुरतंच राहणार होतं, रोवेनाच्या पानामुळे ते एकेचाळीस होणार नव्हतं, आणि कुणाला तरी शेवटी ठरवावंच लागणार होतं. हे तिला पुरतं माहीत होतं. निवड टाळणं म्हणजे शहाणपण असंही तिला वाटत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की ठरवणाऱ्यानं, हे लोकांनीच सांगितलं होतं, असं म्हणून हात झटकू नयेत.

शनिवारी दुपारी ती सेमाफोरला, समुद्राकाठच्या त्या वस्तीत, गेली. रस्ता आणि घराचा आकडा कागदावर होताच. घर तिला पाहताक्षणी आठवलं, निळसर दगडाचं, ठेंगणं. पास्को बाईंनी दार उघडलं ते "आलीस? कागद आणलास?" असं म्हणतच. टेबल तेच असावं. सिंकवरची काचेच्या पट्ट्यांची खिडकी उघडी होती, बाहेर टोमॅटोचा वाफा आणि त्याच्या टोकाला नळ. रोवेनानं कागद टेबलावर ठेवला, अकराव्या प्रश्नावर उघडला, आणि काय ते सांगितलं, जितकं सरळ सांगता येईल तितकं. बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या दोनदा गिरवलेल्या गोलावर बोट ठेवून राहिल्या. "हे मी म्हटलं?" "हो. त्याच दिवशी." "मला आठवत नाही." "चौथा प्रश्न लक्षात राहिला. अकरावा राहिला नाही." "राहील कसा? पहिला नॉर्मननं ऐकला होता." त्यांनी चष्मा काढला, परत लावला. "इथं काय लिहिलंयस? नवरा बागेत." "हो." "चहाच्या सुट्टीत टोमॅटोला पाणी घालायचा तो. सुट्टी संपली की परत रेडिओ. वीस मिनिटं." मग त्यांनी पुढचे शब्द वाचले, आणि त्यांचं तोंड लहान झालं. "हळू बोलल्या." घरात फ्रिजचा आवाज होता. "हळूच बोलले असणार. तो बाहेर होता ना. त्यानं ऐकू नये म्हणूनच हळू. मूर्ख बाई! ऐकू जायचं ते ऐकू गेलं नाही, आणि नको ते—"

"पुढं वाचा," रोवेना म्हणाली. "पुन्हा विचारलं, असं लिहिलंय. म्हणजे पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं असणार, नाहीतर मी गोल केलाच नसता. दुसऱ्यांदा तुम्ही मोठ्यानं बोललात." तिनं हे आपल्या नेहमीच्या आवाजातच सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाही दिसलं की हे तर्काला धरून आहे, यात तिनं पदरचं काही घातलेलं नाही. टेबलापाशी ऐकू येण्याइतकं मोठ्यानं. खिडकीबाहेर किती, हा वेगळा प्रश्न. तो तिनं काढला नाही. पण पास्को बाई खाणीत काम करणाऱ्यांच्या घरातल्या होत्या, सुताला सूत लावून बघणाऱ्या. तो प्रश्न त्यांनीच काढला. "ऊठ," त्या म्हणाल्या. "बाहेर जा. तिथं, नळापाशी उभी राहा. खिडकीकडं पाठ कर, तो तसाच उभा असायचा. मी इथनं बोलते."

रोवेना बाहेर गेली. ऊन डोक्यावर होतं, टोमॅटोच्या पानांना तो कडवट, बोटांना चिकटणारा वास. ती नळापाशी पाठ करून उभी राहिली. आतून काही आलं नाही. मग बाईंनी हाक दिली, "ऐकू आलं?" "तुम्ही बोललात का?" "बोलले, हळू. ते पहिलं. थांब, पाणी सोड आधी. कोरड्या नळाशी काय करत होता तो?" तिनं खाली असलेल्या झारीत नळ सोडला. पत्र्यावर पाणी तडतडू लागलं आणि बाकीचं जग मागे सरकलं. रस्ता, फ्रिज, लांबचा समुद्र. हे फार आहे, तिला वाटलं, या आवाजातून काही यायचं नाही. तिनं स्वतःला विचारलं, आलं नाही तर मी काय सांगणार आहे? तिला वडलांचा अंगठा आठवला, नखाशी काळी रेघ असलेला. नळावरचा तिचा हात तिनं पाहिला. चक्री थोडी फिरवली असती तर धार बारीक झाली असती. खिडकीतून ते दिसलंही नसतं. तिनं हात काढून घेतला आणि पाणी होतं तसं राहू दिलं.

"म्हाताऱ्याला!" खिडकीतून आवाज आला. मग पट्ट्यांना थरथरवत, एकोणीस वर्षांपूर्वी त्या टेबलाशी कुणीच बोललं नसेल अशा आवाजात, "माझ्या म्हाताऱ्याला द्या! नॉर्मनला द्या! कळलं?" शेजारच्या आवारातला कुत्रा भुंकायला लागला. झारी भरून वाहत होती, रोवेनाच्या बुटांवर पाणी येत होतं. हा प्रयोग कशालाही पुरावा नाही, हे तिला कळत होतं. तेव्हाचा आवाज एवढा मोठा नव्हता, झारी तीच नव्हती, आणि एका नोंदीवरून कुणी निष्कर्ष काढत नाही. तिनं मागे वळून पाहिलं. बाई सिंकच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, चेहरा पट्ट्यांमध्ये तीन तुकड्यांत कापलेला. "आलं ऐकू?" त्यांनी विचारलं. "आलं," रोवेना म्हणाली. तिचा आवाज नेहमीच्या जागी राहिला नाही.

बाईंनी सिंकचा काठ सोडला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि रोवेनाला आधी वाटलं की त्या रडणार. पण ते रडणं नव्हतं. "म्हणजे मेल्यानं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्यालाच द्या म्हटलेलं ऐकलं होतं. आणि तरी वर डॉक्टरीणबाईंना शहाणपण शिकवलं. मला विचारलंसुद्धा नाही! पोर्टपर्यंत मी नसते आले त्याच्याबरोबर? आठवड्यातनं तीनदा काय, सहादा आले असते." त्यांनी सिंकवर हात आपटला. "बारा वर्षं मी आपली स्वतःला खात बसलेय, आणि हा हट्टी मेला—" त्या खिडकीतून वाफ्याकडे, पाठ करून कुणी उभा असावा तशा, रागानं बघत राहिल्या. नवऱ्यावर बायको चिडते तशा, भरल्या घरात.

"बंद कर ते पाणी," शेवटी त्या म्हणाल्या. "मुळं कुजतील. आणि आत ये. चहा टाकते."